डिस्कवर जागा आहे, तरी नवं सेशन का नाकारलं जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डबल लेयर (दोन थरांच्या) डीव्हीडी प्लस आर डिस्कवर, म्हणजे वेष्टनावर ८.५ जीबी लिहिलेल्या डिस्कवर, लिनक्समधून दोन सेशनमध्ये (एका वेळी लिहून बंद केलेला भाग म्हणजे एक सेशन) गावच्या उत्सवाचे फोटो आणि चित्रीकरण भरलं. पहिलं सेशन २.९ जीबीचं, दुसरं १.२ जीबीचं. तिसऱ्या वेळी ६०० एमबीचं फोल्डर घालायला गेल्यावर प्रोग्राम थांबला: पुढचं सेशन ४ जीबीची हद्द ओलांडेल. त्यानंतर एका कोऱ्या डिस्कवर ५.१ जीबीची एकच चित्रफीत लिहून पाहिली, तर फाइल फार मोठी आहे असा निरोप मिळाला. आणि आता पहिली डिस्क संगणकात घातली की फक्त दुसऱ्या सेशनच्या फायली दिसतात. प्रश्नकर्त्यांचा निष्कर्ष: डिस्कचा दुसरा थर खराब आहे, कंपनी बदलावी.

कंपनी बदलू नका. डिस्क चांगली आहे. तुमच्यापुढे तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि योगायोगाने त्यांतल्या दोन ४ जीबीच्या आसपास येतात, म्हणून सगळं एकच दुखणं वाटतंय. अशा वेळी मी एकच प्रश्न आधी विचारतो: ‘नाही’ कोण म्हणतंय? डिस्क म्हणतेय, फायलींची यादी ठेवणारी फाइल सिस्टीम म्हणतेय, की लिहिणारा किंवा वाचणारा प्रोग्राम म्हणतोय? ते कळलं की अर्धं काम झालं.

डिस्क नाही म्हणत नाही, हे तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांवरून दिसतं. डिस्कची स्थिती सांगणाऱ्या मीडिया-इन्फो या प्रोग्रामच्या माहितीत पुढचा लिहिण्याजोगा पत्ता २१,५०,००० आहे आणि मोकळे ब्लॉक २०,२३,८२४. प्रत्येक ब्लॉक (त्यालाच सेक्टरही म्हणतात) २०४८ बाइटचा. म्हणजे साधारण ३.८६ जीबी जागा मोकळी आहे. (वेष्टनावरचे ८.५ जीबी हजाराच्या पटीतले असतात. संगणकाच्या १०२४ च्या हिशेबात ही डिस्क ७.९६ जीबीची भरते. या उत्तरातले जीबी आणि एमबी, वेष्टनावरचे सोडले तर, १०२४ च्या हिशेबातले आहेत.) फाइल मॅनेजर ‘मोकळी जागा ०’ दाखवतो त्याकडे लक्ष देऊ नका. आयएसओ, म्हणजे अशा डिस्कवर सहसा असणारी फाइल सिस्टीम, फक्त वाचण्यासाठी जोडली जाते, त्यामुळे तिथे मोकळं काहीच दिसत नाही. खरी जागा ड्राइव्हलाच विचारायची.

दुसऱ्या थराबद्दलचा तुमचा संशय कुठून आला असेल, ते मला कळतं. या डिस्कवर एकूण ४१,७३,८२४ सेक्टर असतात आणि ते दोन थरांत समान वाटले तर पहिला थर २०,८६,९१२ व्या सेक्टरला संपतो. ४ जीबीची रेघ येते २०,९७,१५२ व्या सेक्टरला. दोघांत अंतर १०,२४० सेक्टरचं, म्हणजे बरोबर २० एमबीचं. म्हणूनच ४ जीबीची कोणतीही अडचण बाहेरून ‘थर बदलला आणि बिघडलं’ अशीच दिसते. फरक ओळखायची खूण साधी आहे. थर खरंच खराब असेल तर लेसर चालू होतो, लिहिणं सुरू होतं आणि मध्येच ड्राइव्हकडून चूक येते. डिस्क वाया जाते. तुमच्याकडे लेसर पेटण्याआधीच प्रोग्राम थांबला आणि डिस्क अजूनही पुढे लिहिण्याजोगी आहे.

मग थांबला का? यासाठी सेशन आत कसं मांडलेलं असतं, ते पाहावं लागेल. डीव्हीडी प्लस आर किंवा सीडी-आरवर एकदा लिहिलेलं बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक नव्या सेशनमध्ये फायलींची संपूर्ण यादी नव्याने लिहिली जाते. जुन्या फायली जागच्या जागी राहतात, नवी यादी त्यांच्या जुन्या पत्त्यांकडे बोट दाखवते. यादी सेशनच्या सुरुवातीला बसते आणि फायलींचा मजकूर तिच्या मागे. तुमच्या दुसऱ्या सेशनची यादी २.९ जीबीच्या जवळ होती. त्या सेशनचा मजकूर ४ जीबीची रेघ ओलांडून गेला, तरी कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या सेशनची यादीच मात्र ४.१ जीबीच्या पलीकडे बसणार, आणि हरकत त्यालाच आहे.

ही हरकत जुनी आहे. लिनक्सचा आयएसओ वाचणारा भाग पूर्वी प्रत्येक फाइलला जो अंतर्गत क्रमांक देई, तो यादीतल्या तिच्या नोंदीच्या बाइट-पत्त्यावरून बनवत असे, आणि तो क्रमांक ३२ बिटांचा होता. ३२ बिटांत ४ जीबीच्या पुढचा पत्ता मावत नाही. नोंद त्या पलीकडे असली की फोल्डर उघडत नसे. म्हणून ग्रोआयएसओएफएस या लिहिणाऱ्या प्रोग्रामने काळजी घेतली: नवं सेशन रेघेच्या पलीकडे, किंवा रेघेच्या अलीकडे ४० एमबीच्या आत सुरू होत असेल तर लिहायचंच नाही. लिनक्सच्या कर्नलमधला (गाभ्यातला) तो दोष २.६.८ च्या सुमारास, २००४ मध्ये दूर झाला. तुमची डिस्क त्यानंतरच्या कर्नलवरच वाचली जाणार असेल तर ग्रोआयएसओएफएसला ‘यूज द फोर्स ल्यूक’ या पर्यायात ‘४जीएमएस’ हे मूल्य द्या, अडवणूक सुटेल. पण टीव्हीला जोडलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर किंवा एखाद्या जुनाट संगणकावर ती डिस्क उघडेल याची हमी मी देणार नाही. तिथे दाखवायची असेल तर तिसरं फोल्डर नव्या डिस्कवरच घाला.

आता ५.१ जीबीची चित्रफीत. इथे ‘नाही’ म्हणणारी फाइल सिस्टीम आहे. आयएसओ ९६६० च्या यादीत प्रत्येक फाइलच्या नोंदीत आकारासाठी ४ बाइट आहेत. (तो आकडा दोनदा लिहिलेला असतो, एकदा लहान बाइट आधी आणि एकदा मोठा बाइट आधी, कारण हे प्रमाण ठरलं तेव्हा दोन्ही धाटणीच्या यंत्रांना तो वाचता यायला हवा होता.) ४ बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एका बाइटनेही मोठी फाइल एका नोंदीत सांगता येत नाही. सेशन एक असो की दहा, डिस्क रिकामी असो की भरलेली, याने काही फरक पडत नाही. तुम्ही डबल लेयरच्या जागी ब्लू-रे घेतली असती तरी हेच झालं असतं.

यावर चार वाटा आहेत आणि त्या सारख्या चांगल्या नाहीत.

जेनआयएसओइमेज या प्रोग्रामचा निरोप तुम्हाला एक वाट स्वतःच सुचवतो: ‘अलाउ लिमिटेड साइज’. ती वापरू नका. त्याने आयएसओच्या यादीत फाइलचा आकार खोटा, कमी लिहिला जातो आणि सोबतच्या यूडीएफ (डिस्कसाठीचीच दुसरी फाइल सिस्टीम) यादीत खरा. डिस्क कोणत्या संगणकावर कोणत्या यादीतून उघडेल, ते आपल्या हातात नसतं. आयएसओतून उघडली तर अर्धवट फाइल मिळेल आणि कोणताही इशारा येणार नाही. जपून ठेवायच्या वस्तूसाठी याहून धोकादायक काही नाही.

दुसरी वाट आयएसओच्या तिसऱ्या पातळीची. त्यात एका फाइलचे अनेक तुकडे पाठोपाठच्या नोंदींत सांगायची मुभा आहे. झोरिसो हा प्रोग्राम ते नीट करतो आणि आजचं लिनक्स ते नीट वाचतं. बाकी वाचणारे कसे वागतील, ते प्रत्येक यंत्रावर तपासावं लागतं. डिस्क तुमच्याच घरी राहणार असेल तर ही वाट चालेल.

तिसरी वाट यूडीएफ. यात आकारासाठी ६४ बिट आहेत, म्हणजे आपल्या कोणत्याही चित्रफितीला हद्द नाही. विंडोज एक्सपी यूडीएफच्या २.०१ आवृत्तीपर्यंत वाचतं, व्हिस्टापासून पुढे २.५० सुद्धा चालते. एक मोठी फाइल, एक कोरी डिस्क, एकाच दमात लिहून बंद, अशा कामाला मी यूडीएफच घेतो. आयएसओ आणि यूडीएफ दोन्ही याद्या ठेवून वर अनेक सेशनही करायचे, हा प्रकार मात्र टाळतो. यूडीएफच्या बाजूला आधीच्या सेशनच्या फायली बरोबर जोडल्या जातील यावर मी विसंबत नाही.

चौथी वाट सगळ्यांत साधी: फाइलचेच भाग करा. चित्रफीत असेल तर ती चित्रीकरणाच्या प्रोग्राममधून दृश्य बदलतं तिथे कापा, म्हणजे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे चालेल. भाग २ जीबीच्या आत ठेवा, ४ च्या नव्हे. कारण बरीच जुनी यंत्रं आकड्याचा पहिला बिट अधिक-उणे चिन्हासाठी धरतात आणि २ जीबीलाच अडतात. डीव्हीडी व्हिडिओच्या व्हीओबी फायली १ जीबीच्या आत तोडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागेही असाच हिशेब आहे: यूडीएफमध्ये एका सलग तुकड्याची लांबी ३० बिटांत लिहितात आणि ३० बिटांत १ जीबीहून थोडं कमीच मावतं.

एक गोष्ट इथे तपासून घ्याच. चित्रफीत पेन ड्राइव्हवरून आणली होती का? बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइल सिस्टीमने बांधलेले असतात आणि फॅट३२ची फाइलची हद्दही नेमकी ४,२९,४९,६७,२९५ बाइट आहे. डिस्कला दोष देत बसलेल्या कितीतरी जणांची फाइल मुळात पेन ड्राइव्हवरच तुटलेली मला सापडली आहे. तसंच डिस्कची आयएसओ प्रतिमा (अख्ख्या डिस्कचा मजकूर असलेली एकच फाइल) आधी पेन ड्राइव्हवर बनवून मग बर्न करणाऱ्यांचं होतं. प्रतिमा ४ जीबीला थांबते आणि बोल डिस्कला लागतो.

तिसरी अडचण, पहिल्या सेशनच्या फायली गायब. त्या कुठेही गेलेल्या नाहीत. संगणक डिस्क उघडताना शेवटचं सेशन शोधतो, त्याच्या सुरुवातीपासून सोळाव्या सेक्टरवरचं वर्णन वाचतो आणि तिथून मिळालेली यादी दाखवतो. आधीच्या याद्या तो पाहतही नाही. दुसरं सेशन लिहिताना जुनं सेशन आयात करायचा पर्याय राहून गेला असेल, तर नव्या यादीत जुन्या फायलींकडे बोट दाखवणारी नोंदच नाही. लिनक्समध्ये डिस्क माउंट करताना, म्हणजे जोडताना, ‘एसबीसेक्टर’ या पर्यायात शून्य दिलं की पहिल्या सेशनची यादी उघडते. विंडोजवर आयसोबस्टर या प्रोग्राममध्ये सगळी सेशन वेगवेगळी दिसतात. आधी त्या २.९ जीबी फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. तिसरं सेशन आत्ताच्या स्थितीत घातलंत तर त्यात पहिल्या सेशनचं नाव तरीही येणार नाही, कारण आयात शेवटच्या सेशनची होते आणि त्यातच ते नाही.

याच्याच उलट अनुभव फार जुन्या सीडी ड्राइव्हवर येतो. तिथे फक्त पहिलं सेशन दिसतं. १९९२ मध्ये कोडॅकची फोटो सीडी बाजारात आली, तिच्यावर एक रोल धुऊन झाला की पुढचा त्याच डिस्कवर चढवता यायचा, आणि तेव्हापासून ‘मल्टिसेशन वाचतो’ हे ड्राइव्हच्या खोक्यावर छापलं जाऊ लागलं. त्याआधीच्या ड्राइव्हला दुसरं सेशन असतं हेच माहीत नव्हतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण ज्यांच्याकडे अजून सीडी आहेत त्यांच्यासाठी जागेच्या हिशेबाबद्दल सांगतो, कारण तिथे ‘नाही’ म्हणणारी खरंच डिस्क असते. ८० मिनिटांच्या सीडीवर सेकंदाला ७५ प्रमाणे ३,६०,००० सेक्टर, म्हणजे ७०३ एमबी. पण प्रत्येक सेशन बंद करताना शेवटची मोकळी पट्टी लिहावी लागते आणि पुढच्याची सुरुवातीची पट्टी राखावी लागते. पहिल्या सेशननंतर यात ११,४०० सेक्टर जातात, म्हणजे २२ एमबीहून थोडे जास्त. पुढच्या प्रत्येक वेळी ६,९०० सेक्टर, साडेतेरा एमबी. दहा सेशन केलीत तर १३० एमबी नुसत्या पट्ट्यांत गेले.

एका छोट्या संग्रहासाठी मी जुन्या ध्वनिफितींचं काम करत होतो. तिथे कोणी रोज संध्याकाळी त्या दिवसाची एक ध्वनिफाइल सीडीवर चढवून सेशन बंद करत असे. विसाव्या दिवसाच्या आसपास सीडी भरली. फायलींची बेरीज जेमतेम सव्वाचारशे एमबी होती. सगळ्यांनी सीडीच्या दर्जाला दोष दिला. कागदावर मांडून पाहिलं: वीस सेशनच्या पट्ट्या २६५ एमबी, उरलेली जागा दर सेशनला नव्याने लिहिल्या जाणाऱ्या याद्यांत आणि काठावरच्या शिलकीत. हिशेब जुळला. त्यानंतर त्यांनी आठवड्याच्या फायली हार्ड डिस्कवर साठवून एकदाच चढवायला सुरुवात केली. डीव्हीडीवर या पट्ट्यांचं माप वेगळं आहे आणि डीव्हीडी-आर व डीव्हीडी प्लस आर यांतही फरक आहे. तिथे पाठ केलेल्या आकड्यावर जाऊ नका, सेशनच्या आधी आणि नंतर पुढचा लिहिण्याजोगा पत्ता वाचा आणि वजाबाकी करा. डीव्हीडी प्लस आरडब्ल्यूवर हा प्रश्नच नाही. तिथे जुन्या यादीवरच नवी लिहिता येते आणि पट्ट्या लागत नाहीत.

आणि एक समजूत दूर करतो: नव्या सेशनमध्ये जुनी फाइल ‘काढून टाकली’ की जागा परत मिळत नाही. यादीतलं नाव जातं, मजकूर तिथेच राहतो.

आता नावांकडे या. तुमच्या पत्रातली फाइलनावं पाहिली आणि पुढची अडचण तिथेच येणार असं वाटलं. देवनागरी नावांना दोन वेगळ्या हद्दी लागतात. विंडोज ज्या जोलिएट यादीतून नावं वाचतं तिथे ६४ चिन्हं, ‘.एमपी४’ सारख्या शेपटीसकट. लिनक्स ज्या रॉक रिज यादीतून वाचतं तिथे २५५ बाइट. आपल्याला डोळ्यांनी ‘श्रीगणेशोत्सव’ या नावात सहा अक्षरं दिसतात. संगणक त्यात १३ चिन्हं मोजतो, कारण प्रत्येक मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायचं हलन्त चिन्ह वेगळं धरलं जातं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत त्यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून बाइट झाले ३९. रॉक रिजमध्ये देवनागरीची ८५ चिन्हं बसतात, जोलिएटमध्ये ६४. इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला ही हद्द सहसा लागत नाही. ‘श्रीगणेशोत्सव मिरवणूक लक्ष्मी रस्ता ढोलताशा पथक सादरीकरण संपूर्ण चित्रीकरण भाग १’ असं नाव ठेवणाऱ्याला ती लगेच लागते.

हे नाव जोलिएटमध्ये शेवटाकडून कापलं जातं. भाग १, भाग २, भाग ३ हा फरक नेमका शेवटी असतो, म्हणजे कापल्यावर तिन्ही नावं एकसारखी होतात. मग प्रोग्राम ‘जोलिएटची यादी लावता आली नाही’ असं सांगून थांबतो, आणि तो निरोप वाचून कोणालाच कळत नाही की गाडं नावाच्या लांबीवर अडलंय. त्या निरोपातच ‘जोलिएट लाँग’ हा पर्याय सुचवलेला असतो. त्याने हद्द १०३ चिन्हांवर जाते, पण ती जोलिएटच्या ठरलेल्या नियमांत बसत नाही. मी नावच बदलतो: क्रमांक आणि वर्ष आधी, बाकी मागे. ‘०१ २०१९ मिरवणूक’. उरलेला तपशील एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, त्याच फोल्डरमध्ये. आणि लिहिण्याआधी प्रोग्रामला नावं यूटीएफ-८ मध्ये आहेत हे सांगायला विसरू नका, नाहीतर नावांच्या जागी खुणांची रांगोळी दिसेल.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. पहिल्या डिस्कवर सध्या काहीही लिहू नका. ‘एसबीसेक्टर’ शून्य देऊन पहिलं सेशन उतरवा, मग नेहमीसारखं माउंट करून दुसरं उतरवा. दोन्ही मिळून ४.१ जीबी होतात, त्यात तिसरं फोल्डर मिळवलं की ४.७ जीबीच्या आसपास. ते एका नव्या डबल लेयर डिस्कवर एकाच सेशनमध्ये लिहा. यादी सुरुवातीलाच बसेल आणि ४ जीबीच्या रेघेचा प्रश्न उरणार नाही. चित्रफितीचे तीन भाग करून त्या दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर घाला. दोन्ही डिस्क बंद करा, बाहेर काढा, पुन्हा घाला आणि प्रत्येक फाइलची मूळ फाइलशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघा. शक्य असल्यास हे ज्या ड्राइव्हवर लिहिलं त्याहून वेगळ्या ड्राइव्हवर करा. जुळलं की मग पहिल्या डिस्कचं काय करायचं ते ठरवा. मी असतो तर ती तशीच बाजूला ठेवून दिली असती.